उपासनेची शिरगणती

पनवेलहून गोव्याच्या हमरस्त्याने निघालेल्या वाटसरूस अरण्याच्या माथ्यावर जो उभा सुळका दिसतो, त्याच्याभोवती कर्नाळ्याचा इतिहास घडला. बोरघाट उतरून पनवेलच्या बंदराकडे जाणाऱ्या मालावर येथून नजर ठेवता येत असे; त्यामुळे देवगिरीच्या यादवांपासून इंग्रजांपर्यंत ज्या ज्या सत्तेस उत्तर कोकणचा अंमल हवा होता, तिने तिने हा गड आपल्या दप्तरी लावून घेतला. १५४० साली अहमदनगरच्या निजामशहाने तो काबीज केला, तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या पक्षाने वसईचा पोर्तुगीज कप्तान दों फ्रांसिस्कु द मेनेझेश याच्याकडे कुमक मागितली. काही शेकडा शिपाई रवाना झाले, गड हाती आला, त्यात पोर्तुगीज शिबंदी बसली, आणि पुढे सालिना पाच हजार सुवर्ण पर्दावांच्या मोबदल्यात तो निजामशहाच्या स्वाधीन करण्यात आला. आज तेथे कर्णाई देवीचे स्थान आहे, सुळक्याच्या पायथ्याशी खोदलेली पाण्याची टाकी आहेत, एक मराठी आणि एक फारसी लेख आहे. त्या ख्रिस्ती शिबंदीनेही गडावर रविवार पाळले असतील, पण त्या उपासनेस तेथे वारस उरला नाही. मुशाहिऱ्यावर एकत्र आलेली माणसे हुकूम होताच उठतात. त्यांची संख्या कितीही भरो, ती ज्या कारणाने जमली त्या कारणाबरोबरच तिचा हिशेब संपतो.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या याच किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई येथे मात्र निराळे घडले. १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतलेला तेथील डोंगरी किल्ला १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आला, अंमलदार आपली निशाणे गुंडाळून गेले, परंतु पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे गेली नाहीत. त्यांच्या पाठीशी राज्य नव्हते, तनखा नव्हता, भोवतालच्या मुलखात त्यांच्या बोलीचा एक शब्द समजणारा माणूस नव्हता. तरीही पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ कार्मेल मातेच्या देवळाभोवती ती वस्ती टिकली, आणि पोर्तुगीज शब्दांना मराठी वळण देऊन घडलेली तिची बोली आजही सुमारे हजारभर माणसांच्या घरात नांदते. राजसत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म राजसत्तेबरोबर जाईल असे तर्कशास्त्र सांगते. या तर्कास त्या काळच्या कोकणात बळकट आधारही होता, कारण पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली होती, आणि गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड सोडता, धर्मन्यायालयाची दहशत होती. अशा डागाळलेल्या आरंभातून निघालेला एक धर्मग्राम दडपण आणि आश्रय ही दोन्ही एकदमच नाहीशी झाल्यावरही उभा राहतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारी वस्तू कोणती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

श्रद्धेने धरून ठेवले, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. श्रद्धा घरातही राहू शकते, मनातही राहू शकते; तिला घंटा, वेदी, बाके आणि शेजारी यांची गरज का पडावी? परमेश्वर सर्वत्र आहे असे मानणाऱ्या माणसाने ठरावीक दिवशी, ठरावीक जागी, ठरावीक माणसांबरोबरच त्याच्यापुढे का उभे राहावे? आणि उभे राहायचेच, तर किती जणांनी? लहान धर्मग्रामापुढे हा शेवटचा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. श्रावणातल्या संततधारेच्या रविवारी पंधरा माणसे आली, हार्मोनियम वाजवणारा मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेला, पाळक महिन्यातून एकदाच तालुक्याच्या गावाहून येऊ शकतो आणि एरवी पंचांपैकी कोणीतरी शास्त्रपाठ वाचतो, अशा वेळी बाकांवरच्या रिकाम्या जागांकडे पाहून ही उपासना झाली की नुसती जमवाजमव झाली, अशी शंका भाविकाच्याही मनाला चाटून जाते.

संख्येच्या प्रश्नाला एक अत्यंत स्पष्ट उत्तर कर्नाळ्यापासून दूर नाही. पनवेल शहरात १८४९ साली बांधलेले बेथ एल हे बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. नऊ जण कितीही विद्वान आणि कितीही पुण्यशील असले, तरी काही प्रार्थना त्यांना म्हणता येत नाहीत. मृतांसाठी म्हणावयाची कद्दीश ही त्यांपैकीच एक. या नियमातील कठोरता वरवरची आहे; त्याच्या पोटात माणसाच्या दुःखाविषयीचे फार खोल ज्ञान आहे. ज्याचा बाप गेला त्याने एकट्याने घराचे दार लावून ईश्वराशी बोलावे असे तो नियम म्हणत नाही. तुझ्या शोकास आणखी नऊ माणसांची गरज आहे, आणि त्या नऊ जणांवर तुझ्या शोकाचे ऋण आहे, असे तो सांगतो. १९४८ नंतर कोकणातील बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या प्रमाणावर इस्राएलला गेली, तेव्हा दहावा माणूस मिळणे हा मागे राहिलेल्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न झाला. त्या दहाव्याच्या प्रतीक्षेतच समाज म्हणजे काय हे जितके कळते, तितके ते भरलेल्या सभागृहात कळत नाही.

ख्रिस्ती परंपरेने ही संख्या दोन-तीनवर आणली, असे सामान्यतः मानले जाते. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतील तेथे मी त्यांच्यामध्ये असेन, या येशूच्या आश्वासनाचा आधार लहान मंडळ्यांचे उपदेशक वारंवार घेतात, आणि थोडक्या माणसांना धीर देण्यासाठी तो घेतला तर त्यात वावगे काही नाही. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आरंभापासून वाचणाऱ्यास असे दिसेल, की हे आश्वासन कमी उपस्थितीचे सांत्वन म्हणून आलेलेच नाही. त्याच्या अगोदर, शंभरांतून चुकलेल्या एका मेंढरामागे नव्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची कथा आहे. मग भावाने अपराध केला तर काय करावे याची रीत आहे, ती अशी की प्रथम एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलावे, त्याने न ऐकल्यास आणखी एक-दोघांस बरोबर न्यावे, तेवढ्यानेही न झाल्यास मंडळीस कळवावे. त्यानंतर हे दोघा-तिघांचे वचन येते, आणि लगोलग पेत्र विचारतो की भावाला सात वेळा क्षमा केली म्हणजे पुरे ना, त्यावर त्याला सातांच्या सत्तर पटीचे उत्तर मिळते. सबंध अध्याय आकड्यांनी भरलेला आहे, आणि त्यातील प्रत्येक आकडा रुसलेल्या, दुरावलेल्या किंवा हरवलेल्या माणसाच्या संदर्भात आला आहे. म्हणजे ते दोघे-तिघे हे एका विचाराचे, एकमेकांना आवडणारे स्नेही असतीलच असे नव्हे. बहुधा ते नुकतेच भांडून एका खोलीत बसलेले भाऊबंद आहेत, आणि ईश्वराचे सान्निध्य त्यांच्या मतैक्यास मिळालेले बक्षीस नसून त्यांच्या समेटाच्या खटपटीस दिलेला साक्षीदार आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे प्राचीन ख्रिस्ती उपासनेच्या ज्या थोड्या नोंदी आपल्यापर्यंत आल्या आहेत, त्यांतील तपशिलांना निराळा अर्थ येतो. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने बादशहा ट्रेजनला पाठवलेल्या पत्रात कळवले, की हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, आणि मग पांगून पुन्हा साध्या भोजनासाठी एकत्र येतात. कारस्थानाचा शोध घेण्यास निघालेल्या अधिकाऱ्याच्या हाती एवढेच लागले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटास उद्देशून लिहिलेल्या कैफियतीत रविवारच्या उपासनेचा क्रम दिला आहे: शास्त्रपाठ, प्रवचन, उभ्याने प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस यांवरील उपकारस्तुती, त्यांचे वाटप, आणि ऐपत असलेल्यांनी स्वखुशीने दिलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परस्थ यांची व्यवस्था. या क्रमात एक बाब त्याने दोनदा नमूद केली आहे: जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्यांचा वाटा सेवकांच्या हातून पाठवला जातो. जो आला नाही त्याचाही वाटा ठेवावा, आणि तो त्याच्या दारापर्यंत पोहोचवावा, हा नियम ज्यांनी उपासनेच्या गाभ्यातच बसवला, त्यांना मंडळी म्हणजे त्या सकाळी छपराखाली असलेली माणसे एवढाच अर्थ मान्य नव्हता, हे उघड आहे.

माझे म्हणणे या नियमाभोवती उभे आहे. उपासक समाजाचे माप त्याच्या उपस्थितीने घ्यावयाचे नसून, त्याला कोणाकोणाची अनुपस्थिती जाणवते यावरून घ्यावयाचे असते; आणि लहान धर्मग्रामाची थोरवी असेल तर ती याच कारणाने आहे, की तेथे एका माणसाची जागा रिकामी राहिली तर ती लपत नाही. हजार माणसांच्या मिस्सेत एक जण आला नाही तर हजारच दिसतात. वीस माणसांच्या उपासनेत एक म्हातारी दोन रविवार दिसली नाही, की प्रार्थना संपल्याबरोबर पायरीवरच प्रश्न होतो, "आजी का आल्या नाहीत?" आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ कोणीतरी तिच्या घराकडे वळते. आजाऱ्याच्या उशाशी होणारी प्रार्थना, थडगे खणण्यास निघालेली तरुण मुले, मयताच्या घरी शेजारणींनी नेलेले जेवण, लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाला लागलेले हात, नाताळाच्या आदल्या आठवड्यात घरोघर जाणारी गाणाऱ्यांची टोळी, ही सगळी उपासनेची परिशिष्टे नव्हेत. जस्टिनच्या सेवकांनी जो वाटा दारोदार नेला, त्याचीच ही कोकणातील रूपे आहेत. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या येथील ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण होतो, नव्या भाताची कणसे वाजतगाजत देवळात आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो आणि ती घरोघर वाटली जातात, तेव्हा वेदीपासून भाताच्या खाचरापर्यंतचा रस्ता किती जवळचा आहे हे कोणत्याही प्रवचनाशिवाय समजते.

तथापि लहान समाजाचे हे चित्र रंगवताना त्याच्या काळ्या बाजूकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे अनुपस्थिती लपत नाही तेथे दुसरेही काही लपत नाही. कोणाच्या मुलीने कोणाशी लग्न केले, कोणी दानपेटीत काय टाकले, विश्वस्तांच्या निवडणुकीत कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, या गोष्टींची वर्षानुवर्षे रुजुवात होत राहते, आणि आस्थेची चौकशी कोठे संपून पहाऱ्याची चौकशी कोठे सुरू होते हे चौकशी करणाऱ्यासही पुष्कळदा कळत नाही. त्यात आपल्या देशात जातीचा प्रश्न. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाते असे शास्त्र सांगत असले, तरी बाकांची, कबरींची आणि सोयरिकींची वाटणी कित्येक ठिकाणी जुन्या वहिवाटीनेच चालत आली. पहिल्या शतकातील करिंथच्या मंडळीतही श्रीमंतांनी आधी जेवून घ्यावे आणि गरिबांनी उपाशी राहावे असा प्रकार चालला होता. त्याबद्दल पौलाने त्यांस इतक्या कडक शब्दांत फटकारले, की अशा रीतीने खाल्लेले भोजन प्रभूचे भोजनच नव्हे असा निकाल त्याने दिला. उपासनेचा विधी यथासांग झाला असूनही ती उपासना झाली नाही, असे म्हणण्याचे धैर्य त्या निकालात आहे. उच्चनीचतेचा हा अडसर माणसाच्या आतून कसा निघतो हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त जितके निर्मळपणे सांगितले आहे तितके क्वचितच कोणी सांगितले असेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला; लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला; आणि मधल्या काळात सोवळ्या-ओवळ्याचा जो झगडा त्यांच्या मनात झाला, त्याचा निकाल कोणत्याही उपदेशकाने नव्हे, तर माणसांत उच्चनीच भेद ईश्वराने केला नाही या त्यांच्या स्वतःच्याच साक्षात्काराने लावला.

याहून मूलगामी आक्षेप सिमोन वेल हिचा आहे. १९०९ साली पॅरिसच्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेली ही फ्रेंच तत्त्वज्ञ ख्रिस्तावर उत्कट प्रेम करीत असूनही १९४२ साली फादर पेरँ यांना लिहिलेल्या पत्रांत बाप्तिस्म्यास नकार देते, आणि त्याचे एक कारण असे सांगते, की समूहाच्या भावनेची तिला भीती वाटते. जमावाबरोबर एका सुरात गाण्याचा मोह किती प्रबळ असतो आणि त्या सुरात विवेक किती सहज बुडतो, हे तिच्या काळच्या युरोपने तिला दाखवले होते. हा आक्षेप ज्याला कधी टोचला नाही त्याने समूहाच्या उपासनेचे समर्थन करू नये. आपल्याकडे टिळकांनीही, निराळ्या वाटेने का होईना, या आक्षेपाच्या जवळपासचा मुक्काम गाठला होता. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान दिले. कारण मिशनच्या दप्तरात नोंदवलेली मंडळी आणि ख्रिस्ताच्या मनातील मंडळी यांच्या सीमा जुळत नाहीत, असे त्यांस अनुभवाने पटले होते.

वेलचे भय खरे आहे, पण ते कोणत्या समूहास लागू पडते हे पाहिले पाहिजे. ज्या समूहात व्यक्ती बुडते, त्या समूहाचे पहिले लक्षण असे असते की त्यातून एक जण वजा झाला तरी काही उणे होत नाही. संचलनातील शिपायाच्या जागी दुसरा शिपाई चालतो, घोषणा देणाऱ्या जमावातून एक कंठ गेला तर घोषणा मंदावत नाही. ज्या समूहात एकाच्या नसण्याने सर्वांच्या गाण्याचा स्वर बदलतो, तेथे व्यक्ती बुडण्याऐवजी उघडी पडते, आणि उघडे पडणे सुखाचे नसले तरी ते विलीन होण्याच्या नेमके उलट आहे. एकांताच्या उपासकांनी हे सत्य नाकारलेले नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत शोधणारे तुकोबा कीर्तनासाठी माणसांत परत आले. मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या अंतोनीकडे माणसे येऊ लागली तेव्हा त्याने त्यांस वाट दाखवली. एकांतात माणूस ईश्वरापुढे स्वतःस पाहतो, परंतु ज्याच्याशी बांधाचा वाद आहे त्याच्या हातून भाकरीचा तुकडा घेण्याची पाळी त्याच्यावर एकांतात येत नाही. आपले अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्यास जा, ही डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा एकट्या माणसास पाळताच येत नाही, आणि मोठ्या शहरातील अनोळखी गर्दीत ती पाळण्याची वेळच येत नाही. ती पाळावी लागते ती त्या देवळात, जेथे तो भाऊ चार बाके सोडून पुढे बसलेला स्पष्ट दिसत असतो.

म्हणून पनवेल परिसरात आज जो पालट होत आहे त्याचा विचार या कसोटीवर व्हावा. १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून भातखाचरांच्या जागी नगरे उभी राहिली. केरळ, मंगळूर, गोवा, वसई आणि नगर जिल्हा येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. आणि कोणत्या भाषेची, कोणत्या पंथाची, किती वाजताची उपासना हे निवडण्याची मुभा त्यांना मिळाली. मातृभाषेत प्रार्थना करावी ही इच्छा योग्यच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेचे दार लोकभाषांस उघडले आणि मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत ऐकू येऊ लागली, यासारखी क्रांती कॅथलिक खेड्यांच्या इतिहासात दुसरी नाही. परंतु निवड जसजशी वाढते, तसतशी न निवडलेल्या शेजाऱ्याची गाठ टाळण्याची सोयही वाढते, आणि जेथे न पटणारा माणूस भेटतच नाही तेथे क्षमेचा अध्याय वाचण्यापुरताच उरतो. वाढत्या धर्मग्रामांस लहान वाड्यांत विभागून घराघरांतून प्रार्थना करण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, तिचे खरे प्रयोजन हेच असले पाहिजे: मोठ्या संख्येस पुन्हा एवढे लहान करणे, की एकाची अनुपस्थिती दुसऱ्याच्या डोळ्यांत यावी.

एवढे मान्य केले म्हणजे पंधरा माणसांच्या उपासनेबद्दलची शंका निराळ्या प्रकारे सोडवता येते. त्या पंधरांनी रिकाम्या बाकांकडे पाहून खंत करण्यापेक्षा, तेथे कोण बसत असे हे आठवावे. त्यांपैकी कोण थकले, कोण दूर गेले, आणि कोण आपल्याच बोलण्याने दुखावून येईनासे झाले याची नावानिशी यादी करावी. पहिल्यांकडे भाकर न्यावी, दुसऱ्यांस पत्र लिहावे, आणि तिसऱ्यांच्या दाराशी प्रथम एकट्याने जावे. ही यादी ज्या मंडळीला करता येते, ती किती लहान आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. ज्या मंडळीला ती करता येत नाही, तिच्या देवळात उभे राहण्यास जागा नसली तरी नव्याण्णवांच्या समाधानात ती तृप्त आहे, आणि शंभराव्याच्या शोधात निघालेल्या धन्याशी तिची गाठ पडण्याचा संभव फारसा नाही.